मंगळवारपर्यंत

“विजयमाला, तुझा शब्द मागं घे. मग मी आपरेशनला जातो,” नाथाजी उंबऱ्यात उभा राहूनच म्हणाला.

विजयमालानं थोरल्या दिराकडं निरखून पाहिलं. उजवी पापणी पार खाली उतरली होती. त्याच्या बायकोनं, दीपमालानं, ती बोटानं उचलून दाखवली. आतला डोळा बाहेरच्या बाजूला गेला होता, आणि ऐन उन्हातही बाहुली मोठी, काळीभोर होती. विजयमालाला बरं वाटलं. लपवायचं कशाला, फार दिवसांनी घास गोड लागावा इतकं बरं वाटलं.

तिचा नवरा वीरधवल नाथाजीच्या सोनं गाळायच्या दुकानात परमुलखात मेला. विट्याला आल्या त्या नुसत्या अस्थी. कसा मेला विचारलं, की नाथाजी म्हणायचा, झोपेत गेला. तेव्हा तिनं औंधाला यमाईसमोर चारचौघांत गाऱ्हाणं घातलं होतं, “ज्या डोळ्यांनी माज्या मालकाची चिता बगितली, त्येंचं वाटोळं कर, आई.”

“सांगलीचा डाक्टर म्हणतोय, मेंदूतली शीर फुगून डोळ्याच्या नसंवर दाबतीया,” दीपमाला रडवेली झाली. “कवाबी फुटंल, आजच दाखल करा म्हणतोय. पर ह्यें म्हणत्यात, आदी देवीचा कोप उतरू दे. मी थोरली जाऊ आसून तुज्या पाया पडते.”

शीर देवीनं फुगवली की आणखी कशानं, याच्याशी विजयमालाला देणंघेणं नव्हतं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि नाक आता तिच्या चिमटीत होतं.

“मंगळवारी देवळात या. मालक कसं गेलं, ते समद्यांदेखत सांगा. मग घेते मागं.”

“आज शनवार हाय,” नाथाजी म्हणाला. “हितंच सांगतो की तुला. आत्ता.”

“भिताडाला सांगून काय उपेग? गावाला ऐकू दे.”

तो बायकोच्या खांद्यावर हात टेकून गेला. सोमवारी पहाटे शीर फुटली.

मंगळवारी विजयमाला सांगलीच्या दवाखान्यात गेली. भावकीतली माणसं घाबरून बाजूला सरली. नर्सनं नाथाजीच्या दोन्ही पापण्या उचलून बॅटरी मारली. दोन्ही बाहुल्या पसरलेल्या होत्या. एकही आकसली नाही.

“आता यांना काही कळत नाही, मावशी,” नर्स म्हणाली.

विजयमालानं जावेकडं पाहिलं. “तुमाला तरी ठावं आसंल, अक्का.”

“मला कवाच न्हाई सांगितलं,” दीपमाला म्हणाली. “तुलाच सांगणार हुतं.”

विजयमाला दिराच्या कानाशी वाकली.

“भावजी, घेतला मी शब्द मागं. देऊळ नको, गाव नको. हितंच सांगा, मला एकटीला.”

आणि ती तशीच ओणवी, कान त्याच्या तोंडाशी नेऊन थांबली.