जॅझच्या दारातली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, फुटपाथवरची. दोन पायांवर तंबूसारखी उभी राहते आणि आज संध्याकाळी जॅझ आणि ब्लूज समोर बसून कुठे ऐकायला मिळेल, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते. एका भल्या माणसाने मला भर रस्त्यात खोटारडी म्हटलं. तेव्हापासून माझा नुसता जळफळाट चालला आहे. म्हणून काय झालं ते सांगूनच टाकते.

मी मूळची कपाटाची दारं. ते कपाट लंबूचं. लंबू म्हणजे, ज्या तळघराच्या दाराशी मी उभी असायचे तिथे डबल बास हे भलंमोठं तंतुवाद्य वाजवणारा. तो स्वतः बुटका, पण वाद्य त्याच्याहून उंच, म्हणून लोकांनी वाद्याची उंची त्याच्या नावाला लावून टाकली. 'दाराबाहेर काहीतरी हवं' असं तिथले थोरले मालक म्हणाले, तशी त्याने घरच्या कपाटाची दोन्ही दारं उचकटली, वरच्या बाजूला बिजागऱ्या ठोकून ती जोडली आणि काळा रंग दिला. त्याची बायको पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना ऐकवायची, "कपाटाला पडदा लावलाय हो. दारं जॅझला गेली!"

तिथला नियम कडक होता. वाजवणारा आत आला, वाद्य खाली ठेवलं, घोटभर पाणी प्याला, की मगच त्याचं नाव खडूने माझ्यावर चढायचं. 'निघालोय', 'वाटेत आहे' याला काडीची किंमत नव्हती. लिहायची मावशी. ती ब्लूज गायची. ब्लूज म्हणजे आपलं दुःख असं गायचं, की ऐकणाऱ्याचं हलकं व्हावं. ट्रम्पेटवाला हटकून उशिरा. त्याच्या नावाची जागा रिकामी दिसली, की लोक बाहेरच घुटमळत. नाव चढलं, की चपला वाजवत जिना उतरत.

मी माणसं खूप पाहिली. जॅझमधलं ओ की ठो कळत नसलेला नवरा बायकोला माझ्यासमोर उभं करून व्याख्यान झोडायचा. ती "हो का?" म्हणायची. आत गेल्यावर तीच पायाने ठेका धरायची आणि हे महाशय जांभया द्यायचे. पण दोघांचाही माझ्यावर विश्वास. "पाटीवर लिहिलंय ना, मग आहेच," असं लोक म्हणत. याहून मोठी शाबासकी पाटीला काय मिळणार?

मग थोरले मालक थकले आणि कारभार जावईबापूंच्या हाती गेला. जावईबापूंना खडूची धूळ सोसेना. "रोज पुसा, रोज लिहा, काय पोरखेळ लावलाय!" त्यांनी रंगारी बोलावला आणि माझ्यावर पक्क्या ऑइलपेंटने रंगवून घेतलं, 'रोज संध्याकाळी लाइव्ह जॅझ आणि ब्लूज'. खाली मावशी, लंबू आणि ट्रम्पेटवाला, तिघांची नावं. वाजवणारे येवोत न येवोत, नावं कायमची!

पुढचं ओघानेच आलं. मंचावर दोन मोठे स्पीकर बसले आणि त्यांतून तिघांचंच रेकॉर्डिंग वाजू लागलं. वाजवणाऱ्यांना आधी 'फक्त शनिवारी या' झालं, मग शनिवारही गेला. जावईबापू म्हणाले, "मावशी, आवाज तोच आहे ना?"

मावशी म्हणाली, "मग तुम्हीही संध्याकाळी घरी नुसता फोटो पाठवा. चेहरा तोच आहे ना?"

तिघांनी मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली धरली. सायकलवाला माणूस बरा, पण त्याने आधीच बजावलं, "महिनाभर बघतो. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर खोलीत टायर ठेवीन." आणि खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. का? तर मावशीला शोधत येणारा प्रत्येक जण तिचं नाव माझ्यावर वाचून जावईबापूंच्या दारात शिरत होता! संताप येईल नाही तर काय? जिने मला अक्षर दिलं, तिचीच माणसं मी तिच्यापासून तोडत होते आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

एका संध्याकाळी एक मुलगी वडिलांचा हात धरून आली. बाबा जन्मभर छापखान्यात यंत्रावर उभे राहिलेले. उजव्या कानाने कधीच रजा घेतलेली आणि डावाही निघायच्या तयारीत. तो जायच्या आत एकदा समोर बसून ऐकायचं, एवढाच त्यांचा हट्ट. मला वाचून दोघं उत्साहाने खाली गेली आणि लगेच वर आली. बाबांनी माझ्यावर काठी आपटली. "खोटारडी! आत चिटपाखरू नाही, दोन खोकी बोंबलतायत!"

"बाबा, ती बिचारी लाकडाची आहे."

"मग लिहिलंय कुणावर? माझ्या टकलावर?"

मावशी तेव्हाच गल्लीकडे निघाली होती. तिने ऐकलं, माझ्यावरचं आपलं नाव पाहिलं आणि जिन्यातून हाक मारली, "जावईबापू, वर या! माझं नाव पुसा."

"पुसत नाही ते, ऑइलपेंट आहे. आणि बिघडलं काय? तुमचीच फुकट जाहिरात होतेय."

"जाहिरात माझी आणि गिऱ्हाईक तुमचं!" तिने मला फटकन मिटलं आणि उचललं.

"पाटी इथली आहे, मावशी!"

"लंबूच्या कपाटाची आहे. त्याच्या बायकोला बोलावू?"

त्या बायकोचं तोंड जावईबापूंना ठाऊक होतं. ते वाटेतून बाजूला झाले. माझं दुसरं टोक बाबांनी धरलं आणि आमची वरात गल्लीत शिरली.

बाबा अगदी पुढच्या खुर्चीत डावा कान पुढे करून बसले. एक गाणं झाल्यावर मुलीला म्हणाले, "ट्रम्पेटवाल्याने मध्येच श्वास घेतला, ऐकलास?" ट्रम्पेटवाला ओशाळला. बाबा म्हणाले, "अरे, त्याच्यासाठीच तर आलो!"

दुसऱ्या दिवशी लंबूने पॉलिशपेपरने मला खरवडलं. सालटी निघाली, पण खोटंही निघालं. आता मी पुन्हा खडूची नावं घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी असते. माणसं येतात. खोलीत अजून टायर शिरलेले नाहीत.

पण मित्रांनो, जावईबापूंनी नवी पाटी आणली आहे. दिव्यांची, झगमगीत, शब्द तेच. इथून ती मला दिसते. बिचारी कोवळी आहे. आत काय आहे, तिला कुणी सांगितलेलं नाही. फसलात तर तिला लाथ मारू नका, काठीही नको. जिना उतरा, ज्याने ते लिहून घेतलं त्याच्यासमोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "वाजवणारे कुठे आहेत?"