बिबीजाननं न सांगितलेली गोष्ट

देवळाली प्रवरात मुसलमानाघरची बाई गेली, की तिला शेवटची अंघोळ घालायला बिबीजानला बोलावणं यायचं. बावीस वर्षं असंच चाललं होतं. त्याआधी हे काम तिच्या सासूकडं होतं. सासूचे हात थकले तेव्हा तिनं बिबीजानला शेजारी उभं करून सगळं शिकवलं. बोरीचा पाला किती उकळायचा, पाणी किती कोमट ठेवायचं, चादर न सरकवता तिच्याखालून हात कसा फिरवायचा. शेवटी म्हणाली, "हे अल्लाचं काम हाय. ह्याचं कुनाकडनं काय घ्यायचं न्हाई. आन् चादरीखाली जे दिसलं ते कुनाला सांगायचं न्हाई. वाईट तर न्हाईच, पन चांगलं बी न्हाई."

बिबीजाननं ते पाळलं. तिचा नवरा खाजाभाई एसटी स्टँडजवळ गाद्या भरायचा. अंगाखांद्यावर कायम कापूस. बायकोच्या या कामाबद्दल त्यानं कधी एक शब्द विचारला नव्हता.

जानेवारीत, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला असताना, रशीदाबी गेली. सकाळी चहा द्यायला सून गेली तर ती उठलीच नाही. झोपेत हार्ट बंद पडलं असं सगळे म्हणाले. तिचा मुलगा तौसीफ याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तो आईवर जीव टाकणारा होता. मुलगी शिफा अकोल्याला दिलेली. ती संध्याकाळपर्यंत पोचली आणि म्हणाली, आम्मीला पाणी मी घालणार.

पडद्याच्या आत बिबीजान आणि शिफा दोघीच होत्या. शेजारची हुमेरा बाहेरून बादल्या देत होती. चादरीखाली बिबीजानचा हात रशीदाबीच्या छातीशी आला आणि थांबला. डाव्या बाजूला दगडासारखी गाठ होती. वरची कातडी फुटलेली, आणि त्यावर जुन्या ओढणीची पट्टी घट्ट बांधलेली. किती महिने तिनं ते एकटीनं सोसलं होतं कोण जाणे. शिफानंही पाहिलं. तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं.

"खाला," ती कुजबुजली, "भाईला सांगू नका. त्यो रोज म्हनायचा, आम्मी, दवाखान्यात जाऊ. ती म्हनायची, गुडघं दुखत्यात फकस्त. हे कळलं तर त्यो सोताला माफ न्हाई करनार."

"न्हाई सांगनार," बिबीजान म्हणाली आणि पट्टी हळूच भिजवून सोडवू लागली.

सगळं आटोपल्यावर ती हात धूत होती, तेव्हा हुमेरानं विचारलं, "चेहरा कसा हुता वो भाभी?" नेहमीप्रमाणे बिबीजाननं काहीच सांगितलं नाही.

एवढ्यावरून सगळं सुरू झालं. हुमेरा वाईट बाई नव्हती, पण तिला गप्प बसवत नसे. रेशनच्या रांगेत ती म्हणाली, "मी विचारलं तर भाभी काय बोललीच न्हाई." रांगेतल्या दुसरीनं घरी सांगितलं की काहीतरी असणार, त्याशिवाय का कोणी गप्प बसतं. आठवड्यात ती गोष्ट गावच्या दुसऱ्या टोकाला गेली तेव्हा तिला हातपाय फुटले होते. बिबीजान म्हणाली म्हणे, रशीदाबीचा चेहरा काळा पडला होता. मेलेल्या माणसाचा चेहरा काळवंडला म्हणजे त्याचा शेवट वाईट झाला, असं जिथं मानतात, तिथं मुलाला याहून मोठा घाव नाही.

तौसीफ भर दुपारी खाजाभाईच्या दुकानात आला. खाजाभाई गादीला टाके घालत होता, बिबीजान शेजारी उशांचे अभ्रे शिवत होती.

"खाला, तुमी असं म्हनला का?"

"न्हाई."

"मंग एक काम करा. जुम्म्याच्या नमाजानंतर कमिटीच्या चार मानसांना सांगा, चेहरा साफ हुता, नूर हुता. विषय मिटला."

बिबीजाननं सुई अभ्र्यात खोचून ठेवली. "आज तुज्या आम्मीचं चांगलं सांगितलं, आन् उद्या दुसऱ्या बाईबद्दल कुनी विचारल्यावर मी गप्प बसले, तर लोक काय समजतील? त्या बाईचं वाईट झालं, असंच ना? म्हनून मी कुनाचंच काय सांगत न्हाई, तौसीफ. आजवर न्हाई सांगितलं."

"म्हंजे काहीतरी हुतं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे सुजलेले होते. जे त्याला कळू नये म्हणून ती गप्प होती, तेच तो तिच्याकडं मागत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"तुज्या आम्मीसाठी मी रोज दुवा मागते," एवढंच ती म्हणाली.

तो पायरी उतरताना मोठ्यानं बोलला, चार दुकानांना ऐकू जाईल असं, "हिला पुन्यांदा कुनाच्या दारात उभी करू नका."

घरी खाजाभाई जेवला नाही. "खोटं कुठं बोलायचं हुतं तुला? चेहरा चांगलाच असंल ना? मंग सांगायला काय जातंय?"

"तुमाला बी न्हाई सांगनार."

"मी काय विचारतोय का? मी म्हनतोय, लोकांना सांग." तो ताट सरकवून उठून गेला.

नंतर आणखी एक गोष्ट फिरू लागली. बिबीजान कफनाचा तुकडा कापून घरी आणते आणि त्याचे गंडेदोरे करते. हे कोणी सुरू केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मशिदीच्या कमिटीनं श्रीरामपूरच्या एका बाईला सांगून ठेवलं. महिन्यात दोन बायका गेल्या, बिबीजानला बोलावलं नाही. त्यातल्या एकीचा जनाजा दारावरून गेला तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून दुवा पुटपुटली, आणि समोरच्या दारांत उभ्या असलेल्या बायकांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी मात्र ती मोरीत जाऊन रडली. बाहेर आल्यावर तिनं मय्यतीच्या सामानाची पेटी उघडली, कापूर हवेनं उडून जाऊ नये म्हणून पुन्हा नीट बांधला, जुना पाला टाकून बोरीचा नवा पाला सावलीत वाळत घातला.

"कुनासाठी करतीस हे?" खाजाभाईनं विचारलं.

"काम अल्लाचं हाय, माजं न्हाई, म्हनून मी टाकू शकत न्हाई," ती म्हणाली.

फेब्रुवारीअखेर एका सकाळी दर्ग्याच्या आवारात राहणारी म्हातारी गेली. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. सगळे तिला आपा म्हणायचे आणि भाकरी द्यायचे. श्रीरामपूरची बाई लेकीकडं केडगावला गेलेली, दोन दिवस येणार नव्हती. इमामसाहेब आणि कमिटीची माणसं दर्ग्यात बोलत उभी होती. बिबीजानचं नाव कोणी काढत नव्हतं.

दहाच्या सुमाराला बातमी दुकानात आली. बिबीजाननं डोक्यावर पदर घेतला आणि पेटी उचलली.

"अगं, तुला कुनी बोलावलं न्हाई," खाजाभाई म्हणाला.

"तिला तरी कुठं कुनी हाय?"

खाजाभाईनं सुई ठेवली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्या हातातली पेटी घेतली. दर्ग्यापर्यंत तो तिच्या पुढं चालला. कमिटीच्या माणसांनी त्या दोघांकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, आणि ती बाजूला झाली. इमामसाहेब म्हणाले, "पानी गरम करायला लावतो."

पण हे एकटीचं काम नसतं. मय्यत कुशीवर करायला दुसरे हात लागतात. बिबीजाननं पडद्याबाहेर तोंड काढून जमलेल्या बायकांकडं पाहिलं. कोणी पुढं आलं नाही. ती आत जाऊन एकटीच पाणी घालू लागली, तेवढ्यात पडदा हलला आणि शिफा आत आली. आईच्या चाळिसाव्यासाठी ती रात्रीच्या एसटीनं निघून सकाळीच अकोल्याहून आली होती. काही न बोलता तिनं बाह्या वर केल्या. दोघींनी मिळून आपाला धुतलं, पुसलं, कापूर लावला, केसांच्या दोन बटा करून छातीवर सोडल्या. कोणीतरी बाहेरून भरलेल्या बादल्या आत सरकवत होतं. कोण, ते बघायला बिबीजानला उसंत नव्हती.

सगळं झाल्यावर हात धुताना शिफा म्हणाली, "खाला, उद्या चाळिसावा हाय आन् भाई म्हनतो, तुमाला बोलवायचं न्हाई. विचारलं तर तोंड फिरवतो. काय झालंय?"

बिबीजान साबण लावत राहिली. उत्तर पडद्याजवळून आलं. रिकामी बादली धरून हुमेरा उभी होती.

"माज्यामुळं झालं," ती म्हणाली. "मी फकस्त एवढंच म्हनले हुते की भाभी बोलली न्हाई. पुढचं लोकांनी जोडलं. पन मला म्हाईत हुतं की हे खोटं हाय, आन् मी गप्प बसले. जिथं बोलायचं तिथं गप्प बसले." आणि मग तिनं सगळं सांगितलं, काळ्या चेहऱ्याचं, कफनाच्या तुकड्याचं, तौसीफ दुकानात येऊन काय बोलला त्याचं.

शिफा बिबीजानकडं वळली. "आन् तुमी भाईला काहीच न्हाई सांगितलं?"

"तुला शब्द दिल्ता," बिबीजान म्हणाली. "आन् दिला नसता तरी न्हाई सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जातं न जातं तोच तौसीफ आला. मागं शिफा, तिनं रात्री त्याला सगळं सांगितलं होतं. तो कापसाच्या गठ्ठ्यावर बसला. खाजाभाईनं समोरच्या टपरीवर चार चहा सांगितले.

"किती म्हैने ती मला गुडघं दुखत्यात म्हनत राह्यली," तौसीफ म्हणाला. "मी गुडघ्यांना तेल आनून दिलं. तुमाला हे म्हाईत हुतं खाला, आन् माजं सगळं ऐकून घेतलं."

"मला काय म्हाईत हुतं ते मी आज बी न्हाई सांगनार," बिबीजान म्हणाली.

तो रडता रडता हसला. मग पुन्हा रडला, पण हे रडणं वेगळं होतं, महिनाभर अडलेलं. बिबीजाननं उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुज्या आम्मीनं तुला त्रास हू दिला न्हाई. त्या तेलानं तिला बरं वाटायचं आसंल. लेकानं आनलेलं तेल." चेहऱ्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. जाताना म्हणाला, "दुपारी चाळिसाव्याला तुमी दोघांनी यायचं. फातिहाची दुवा तुमी आल्याबिगर न्हाई सुरू हुनार."

शुक्रवारी नमाज झाल्यावर तौसीफ स्वतः उभा राहिला. आईला आजार होता, तो तिनं आमच्यापासून लपवला, आणि बिबीखालांनी तिचा पडदा राखला, माझ्यापासूनसुद्धा. बाकी जे काही बोललं गेलं ते खोटं होतं, आणि त्यातलं निम्मं मी वाढवलं, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. कमिटीच्या अध्यक्षांनी मान खाली घातली. हे सगळं खाजाभाईनं घरी येऊन सांगितलं. डोक्यावरची टोपी काढायचंही त्याला भान नव्हतं. बोलताना त्याला मधेच हसू येत होतं.

बिबीजाननं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला बसली. महिनाभर ती अर्धी भाकरी खाऊन उठत होती. त्या दुपारी तिनं दोन खाल्ल्या, वांग्याचं कालवण पुन्हा वाढून घेतलं, आणि भिंतीला टेकून बसली तर डोळा लागला. खाजाभाईनं दार लोटून घेतलं आणि आवाज न करता दुकानात गेला.

पुढच्या मंगळवारी जवळच्या एका वस्तीवरून निरोप आला. एक तरुण बाई बाळंतपणात गेली होती. बिबीजान पेटी घेऊन निघाली तेव्हा हुमेरा कोपऱ्यावर उभी होती.

"भाभी, मी पानी घालायला येऊ का? मला शिकवाल?"

बिबीजाननं तिला नीट न्याहाळलं. "ये. जाताना काय बोलायचं ते बोल. येताना न्हाई."

टेम्पोत जाताना हुमेरा अखंड बोलली. परत येताना तिचे डोळे लाल झाले होते, आणि वस्तीपासून देवळालीच्या वेशीपर्यंत ती एकदाच बोलली, तेही उन्हाबद्दल. बिबीजान म्हणाली, व्हय, औंदा लवकरच लागलंय.