डाव्या हाताचं अर्धं

मित्रांनो, मी पाव कापायची एक जुनी सुरी आहे. माझे दोन दाते झिजून सपाट झाले आहेत आणि टोक जरा वाकलं आहे. ते कसं वाकलं, ते आज सांगते.

आमच्या घरातले बाबा सुतार. माझी पहिली मूठ फुटली, तेव्हा त्यांनी खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाची नवी करून दिली. आई लाँड्रीत इस्त्री करायला जायची. आणि दोन जुळ्या मुली, थोरली नि धाकटी. दोघींत अंतर वीस मिनिटांचं. चेहरे इतके सारखे, की बाबासुद्धा फसायचे. फक्त थोरली डावखुरी होती.

सकाळी आई घाईघाईत एकच भलंमोठं सँडविच करायची आणि मी ते मधोमध कापायचे. की लगेच यांची जुंपायची.

"हे एकच आहे. आपल्याला अर्धं अर्धंच मिळतं," धाकटी कुरकुरायची.

"काहीतरीच! कापलं की दोन झाली. एक तुझं, एक माझं," थोरली म्हणायची.

"मग चाळीस तुकडे केले, तर चाळीस?"

"हो! सगळ्या वर्गाला पुरतील."

"सुरीलाच विचारा काय ते," आई म्हणायची, "आणि उशीर झाला की बाईंना उत्तर द्या." मला तेव्हा कोण अभिमान वाटायचा!

मग थोरलीला ताप आला. नवव्या दिवशी ती गेली.

काही दिवसांनी आई पुन्हा कामाला लागली. सवयीने तिने सँडविच कापलं आणि दोन बशांत ठेवलं. दुसरी बशी रिकाम्या खुर्चीपुढे. चूक लक्षात आली तशी ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. धाकटीने आपलं अर्धं संपवलं. आईच्या पाठीकडे बघत राहिली. मग हळूच उठून त्या दुसऱ्या खुर्चीत बसली आणि दुसरं अर्धं डाव्या हाताने उचललं.

"आई, काकडी कमी घातलीस गं," ती म्हणाली. आवाज हुबेहूब थोरलीचा.

आई गर्रकन वळली. आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मित्रांनो, त्या हसण्यानेच घात केला. आता मी रोज कापायचे आणि रोज दुसऱ्या खुर्चीतून तो आवाज यायचा. धाकटीने भांग दुसऱ्या बाजूला पाडला. वहीत डाव्या हाताची तिरपी अक्षरं उमटू लागली. बाईंनी बाबांना शाळेत बोलावलं.

"थांबव हे," बाबा आईला म्हणाले. "आहे ती पोरही हातची जाईल."

"घटकाभर येते ती. येऊ दे ना," आई म्हणाली. आणि तिने मला पावातून आरपार ओढलं.

एके सकाळी मुलगी आली ती थेट दुसऱ्या खुर्चीत बसली. पहिल्या बशीकडे तिने पाहिलंही नाही.

"आधी हे खा ना, धाकटीचं," आई म्हणाली.

"ती नाहीये घरात."

"म्हणजे? कुठे गेली?"

"गेली," मुलगी शांतपणे म्हणाली आणि डावा हात पुढे केला.

मी आईच्या हातातून निसटले आणि फरशीवर टोकावर आदळले. आईने पोरीचे खांदे धरले. "धाकटे! अगं धाकटे, बघ माझ्याकडे!"

मुलीने मान वर करून आईकडे पाहिलं. मग तिचे ओठ वाकडे झाले आणि तिच्या स्वतःच्या आवाजात हुंदका फुटला. "मी असले की तू हसत नाहीस."

आई फरशीवरच बसली, पोरीला पोटाशी धरून. किती वेळ, कुणास ठाऊक. त्या दिवशी लाँड्रीत खाडा झाला.

नंतर तिने नवं सँडविच केलं. मला उचललं, पावावर टेकवलं आणि पुन्हा बाजूला ठेवलं.

"कापलं नाहीस?" धाकटीने विचारलं.

"नाही. हे एक आहे. सगळं तुझं."

मित्रांनो, मला पुसून कोरडी ठेवा, म्हणजे मी गंजणार नाही. पण घरातलं एखादं माणूस गेलं, तर मागे राहिलेल्याला अर्धं समजू नका. त्याला त्याच्याच नावाने हाक मारा, आणि लवकर मारा. धाकटीने ते सँडविच उचललं, तेव्हा कोणता हात पुढे करावा हे तिला क्षणभर कळेना. शेवटी तिने ते दोन्ही हातांनी धरलं.