ठिपक्याला बोट लागलं

"इथे सही करा, काकू. आणि खाली तारीख," असं म्हणून धाकट्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं.

कागदावर मोजून चार ओळी होत्या. नकाशा विभागातील लिपिकेने निष्काळजीपणे चुकीची आज्ञा दिल्यामुळे पंपहाउसने पाणी सोडले व चेंबरमध्ये काम करणारा फिटर गंभीर जखमी झाला, असा त्यांचा सारांश. काकूंनी त्या दोनदा वाचल्या आणि 'निष्काळजीपणे' या शब्दापाशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आज्ञा कोणी दिली ते लिहिलंत," त्या म्हणाल्या. "ठिपका कोणी बदलला ते लिहायचं राहिलं वाटतं."

धाकटे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीखेरीज काहीही नव्हतं.

आता हा ठिपका काय प्रकार आहे ते सांगायला हवं. पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत काकू नऊ वर्षं नकाशाच्या टेबलावर होत्या. गावभर जमिनीखाली सहाशे बारा व्हॉल्व्ह. त्यांची माहिती आधी फाटक्या रजिस्टरांत होती, आणि खरी माहिती मामांच्या डोक्यात. मामा म्हणजे सगळ्यात जुने फिटर. साऱ्या कचेरीचे मामा. कॉम्प्युटरवर टिपणं ठेवायची सोय आली तेव्हा मामा समोर स्टूलवर बसून सांगायचे आणि काकू टाइप करायच्या. प्रत्येक व्हॉल्व्हचं एक टिपण. हा उलटा फिरतो, बत्तीस आटे. याचं झाकण शिंप्याच्या पायरीखाली आहे, शिंपी भांडकुदळ आहे, गोड बोलून काम काढावं. भांडकुदळ हा शब्द काकूंनी काढला नव्हता, कारण पुढच्या माणसाला तो उपयोगी पडला असता. नकाशावर प्रत्येक व्हॉल्व्हचा ठिपका होता. ठिपक्याला बोट लावलं की टिपण उघडायचं. बस, इतकंच.

कामाची रीतही सरळ होती. फिटर चेंबरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरला की फोन करायचा. काम झालं की वर यायचं, मोकळ्या रस्त्यावर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने काकूंना सांगायचं की मी वर आलो. मग काकू पंपहाउसला पाणी सोडायला सांगायच्या. दुसऱ्याने दिलेला निरोप चालत नसे. एकदा मामांचा घसा बसला होता तेव्हा त्यांनी फोनमध्ये नुसतं खोकून दाखवलं होतं, आणि काकूंनी तीनदा खोकायला लावलं होतं.

मग धाकटे साहेब आले. वय सव्वीस, डोकं तल्लख, आणि कामाचा उरक असा की समोरच्याला धाप लागावी. टिपणांच्या त्या सॉफ्टवेअरला त्यांनी एक प्लगिन लिहून जोडलं. आता ठिपक्याला बोट लावलं की टिपण उघडायचं नाही, थेट हुकूम सुटायचा. काम चालू असलेला ठिपका लाल. त्याला हात लागला की तो हिरवा होणार, टिपणात 'काम पूर्ण' पडणार, आणि पंपहाउसच्या पडद्यावर पाणी सोडण्याचा निरोप जाणार. टिपण वाचायचं असेल तर बाजूच्या यादीतून शोधायचं. मीटिंगमध्ये साहेबांनी हे करून दाखवलं तेव्हा मोठे साहेब खूश झाले. काकूंनी हात वर केला आणि म्हणाल्या, निदान एकदा विचारू तरी द्या त्या कॉम्प्युटरला, आत कोणी आहे का म्हणून. त्यावर धाकटे साहेब हसून म्हणाले होते, "काकू, दर वेळी विचारत बसलं तर कामं कधी व्हायची?" बाकीचेही हसले. काकूंनी जागेवर येऊन तेच लेखी दिलं. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही.

सहा दिवस काकू ठिपक्याच्या वाटेला गेल्या नाहीत. सातव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकराला चेंबरमधून मामांचा फोन आला. हात ओले, पाना व्हॉल्व्हवर चढवलेला. "ताई, हा उलटा की सुलटा, बघा जरा पटकन. विसरलो बघा." आणि नऊ वर्षांची सवय असलेलं काकूंचं बोट टिपण उघडायला ठिपक्यावर गेलं.

ठिपका हिरवा झाला. काकू फोनमध्ये ओरडल्या, मामा वर या. मामा म्हणाले, "काय म्हणालात, ताई?" पुढचं काकूंना सांगताच आलं नाही. फोनमधून फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. पंपहाउसच्या माणसाने निरोप आल्याबरोबर बटण दाबलं होतं. त्याला तसंच बजावलेलं होतं. पाण्याच्या लोटाने मामा पाइप आणि भिंत यांच्यामध्ये चेचले गेले. जोडीदाराने त्यांना पट्ट्याला धरून वर ओढलं म्हणून जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

संध्याकाळी काकू हॉस्पिटलात गेल्या. मामी बाकावर बसल्या होत्या. काकूंनी आडपडदा ठेवला नाही. माझ्या बोटाने झालं, मामी, असं सरळ सांगितलं.  मामी म्हणाल्या, "शुद्धीवर आले तसं त्यांनी पायाचं विचारलंच नाही. म्हणाले, काम अर्धवट राहिलंय, आता त्या खड्ड्यात कोण उतरणार?"

घरी काकूंच्या नवऱ्याने समजूत काढली. नोकरीची दोन वर्षं राहिलीत, देऊन टाक काय सही हवी ती, साहेबलोकांशी वाकडं कशाला घ्यायचं.  काकूंना राग आला होता, आणि तो एकट्या साहेबांचा नव्हता. स्वतःच्या बोटाचाही होता. ताट तसंच ठेवून त्या उठल्या.

आणि आज हा कागद. काकू सही करत नाहीत असं दिसल्यावर मोठे साहेब स्वतः खाली आले. खुर्ची ओढून बसले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, की बाई, तुम्ही सही केलीत तर प्रकरण इथेच मिटेल, तुम्हाला खालच्या मजल्यावर आवक-जावकला बसवू, कोणी काही बोलणार नाही. नाही केलीत तर चौकशी लागेल, ती सहा महिने चालेल, आणि तोवर कोणालाही कशाला हात लावता येणार नाही.

"म्हणजे ठिपका सहा महिने असाच राहणार?"

"चौकशी चालू असताना बदल कसा करणार, बाई?"

"आणि सोमवारी त्या चेंबरमध्ये कोण उतरणार?"

मोठ्या साहेबांनी धाकट्यांकडे पाहिलं. मामांचा जोडीदार, असं उत्तर आलं. आणि नकाशाच्या टेबलावर? तिथे नवीन मुलगी बसणार होती. परवाच रुजू झालेली.

काकूंनी कागद बाजूला सारला. "एका माणसाचा पाय गेला," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरवत बसलात. फोडा माझ्या. करते मी सही. पण आधी ठिपका नीट करायचा. आत्ता, इथे, माझ्यासमोर. नाहीतर हा कागद घेऊन मी मामींच्या शेजारी जाऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. धाकटे साहेब काकूंच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी खटाखट काहीतरी लिहिलं. ठिपक्याला बोट लावून दाखवलं. आता एक चौकट येत होती: खात्री आहे का? हो, नाही.

"किती वेळ लागला?" काकूंनी विचारलं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचे कान लाल झाले.

"हे पण नको. खात्री सगळ्यांनाच असते. मलाही होती." काकू त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि एकेक गोष्ट सांगत गेल्या. ठिपक्याला हात लावला की फक्त टिपण उघडलं पाहिजे, दुसरं काही नाही. हुकूम टिपणाच्या तळाशी, वेगळा. तो दाबला की आत कोण उतरलंय ते दिसलं पाहिजे. बाहेर आलेल्या माणसाने फोनवर स्वतः सांगितलेलं नाव टेबलावरच्या माणसाने हाताने लिहायचं. लिहिलं नाही तर पंपहाउसला काहीही जाता कामा नये. धाकटे साहेब निमूट लिहीत राहिले. एकदा त्यांनी मागे वळून विचारलं, की दोघं आत असतील तर? काकू म्हणाल्या, तर दोन नावं. या सगळ्याला तासभर लागला. मोठे साहेब मध्ये दोनदा घड्याळ बघून गेले.

"बघा तपासून," धाकटे साहेब उठत म्हणाले.  "पंपहाउसची तार सध्या काढून ठेवलीय. कुठलाही ठिपका घ्या."

काकूंनी तोच ठिपका घेतला. काम अर्धवट राहिलं म्हणून तो पुन्हा लाल करून ठेवलेला होता. टिपण उघडलं. पहिल्याच ओळीत होतं: उलटा फिरतो, एकोणतीस आटे, शेवटचे दोन जड जातात. मामांच्या तोंडचं, जसंच्या तसं. त्या तळापर्यंत गेल्या आणि हुकूम दाबला. चौकट आली. आत उतरलेल्या माणसापुढे मामांचं नाव होतं. मंगळवारपासून ते कोणी काढलंच नव्हतं. खाली बाहेर आलेल्या माणसाच्या नावासाठी मोकळी जागा.

"मामांचंच टाका की," धाकटे साहेब हळूच म्हणाले. "नुसतं तपासायचंय."

"मामांनी कुठे सांगितलंय मला?" काकू म्हणाल्या.

त्यांनी जागा मोकळी ठेवली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा, जरा जोरात. ठिपका लालच राहिला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि सही करायला त्यांनी कागद पुढे ओढला.