भैय्यालालजींची हनुवटी

माझ्या धंद्याला अड्याळमध्ये अजून नाव पडलेलं नाही. मी फोटो बघून कॉम्प्युटरवर माणसाचं डोकं घडवतो. आधी पडद्यावर एक गोळा येतो, मातीच्या गोळ्यासारखाच, फक्त हाताला लागत नाही. मग त्यातून नाक ओढायचं, डोळ्यांच्या खाचा दाबायच्या, गाल खरवडायचे, आणि शेवटी कातडीवरची छिद्रं एकेक करून पाडायची, म्हणजे डोकं खरं वाटतं. गावात कुणी विचारलं की लोक सांगतात, "तेजरामचा प्रफुल्ल ना, तो घरीच राहाते."

तेजराम म्हणजे माझे बाबा, एसटीत वाहक. छिद्रांचा मुद्दा मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितला. ते म्हणाले, "छिद्रं मी बी पाडली, तिकिटायले. पण मले त्याचा पगार भेटे."

त्यामुळे चंद्रकुमारभाऊंचं काम आलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "तुह्या पुतळ्याले ज्या दिवशी हार पडंल, त्या दिवशी मी मानीन का हे काम होय. नाही पडला, तं लाखांदूरले जायचं, मामाच्या राईस मिलवर. त्याले काट्यावर धान तोलाले माणूस पायजे."

चंद्रकुमारभाऊंचं बाजारात मोठं कापडदुकान आहे, 'भैय्यालाल वस्त्रभांडार'. भैय्यालालजी त्यांचे वडील. एका हातमागावर सुरुवात केली आणि दुकान उभारून गेले, त्याला पंचवीस वर्षं झाली. आता त्यांची जन्मशताब्दी होती. शिवाय समोरच्या नव्या दुकानदारानं दारात प्लास्टिकच्या दोन बायका साड्या नेसवून उभ्या केल्या होत्या, आणि त्याला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. म्हणून दुकानासमोर भैय्यालालजींचा पितळी अर्धपुतळा बसवायचं ठरलं. मी कॉम्प्युटरवर घडवायचा, त्यावरून साचा काढायचा आणि भंडाऱ्याच्या कारागिरानं पितळ ओतायचं.

"फोटो किती आहेत?" मी विचारलं.

भाऊंनी तीन फोटो काढले. एक मतदार ओळखपत्रावरचा. तो तालुक्यातल्या कुठल्याही पुरुषाचा म्हणून चालला असता, आणि एखाद्या बाईचा म्हणूनही. दुसरा जत्रेतला, त्यात भैय्यालालजी पाठमोरे होते. तिसरा म्हणजे दुकानाच्या गादीवरची फ्रेम. चंदनाचा हार, लाल दिवा, आणि आत पांढरी टोपी घातलेला भारदस्त माणूस. नजर सरळ, हनुवटी वर, ओठांवर मंद हसू. गेली पंचवीस वर्षं चंद्रकुमारभाऊ या फ्रेमला हात जोडल्याशिवाय शटर उघडत नव्हते.

"बाजूनं काढलेला एखादा आहे का?"

"बाबूजी कधी कोणाकडे बाजूनं पाहत नव्हते," भाऊ म्हणाले.

मी फ्रेमवरून कामाला लागलो. समोरच्या एका फोटोवरून अख्खं डोकं काढायचं म्हणजे सावल्या वाचाव्या लागतात. नाकाखाली सावली किती, गालावर उजेड कुठं संपतो, यावरून नाकाची उंची आणि गालाचा फुगवटा काढायचा. हनुवटीला मधोमध एक खळी होती. उजव्या कानाच्या पाळीला बारीकशी खाच होती, जणू लहानपणी कुणीतरी चावलं असावं. दोन महिने मी त्या चेहऱ्यात राहिलो. फक्त कानाच्या खाचेत एक आठवडा गेला. टोपी मात्र आईनं चहा ठेवला तेव्हा घेतली आणि चहा उकळला तेव्हा संपली. टोपीला कातडी नसते.

मग भाऊंच्या घरी मोठ्या टीव्हीवर ते डोकं गोल फिरवून दाखवलं. भाऊ बघत राहिले आणि रडायला लागले. "बाबूजी," एवढंच म्हणाले. मालक रडताहेत म्हटल्यावर बघायला आलेली दुकानातली माणसंही रडली. मीसुद्धा जरा गहिवरलो, कारण मला राईस मिल लांब जाताना दिसत होती.

मग शकुनबाईंना आणलं. त्या भैय्यालालजींच्या पत्नी. नव्वदीला आलेल्या, पण जिभेला अजून धार. त्या टीव्हीसमोर बसल्या, डोकं दोनदा फिरेपर्यंत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोन होय हा?"

"आई, बाबूजी आहेत."

"हा तं हासून राहिला. ह्यायनं माह्यासमोर जन्मात कधी दात नाही दाखवले."

"आई, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना आता."

"म्हणूनच तं दिसून राहिलं, बापा."

भाऊंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, की म्हाताऱ्या माणसाचं मनावर घ्यायचं नाही. मी घेतलं नाही. साचा निघाला, भंडाऱ्याला गेला, पितळ ओतलं गेलं. पत्रिका छापल्या, मंडप सांगितला.

माझी एकच रुखरुख राहिली होती, डावा कान. फ्रेममध्ये तो हाराच्या सावलीत होता, म्हणून मी उजव्यावरूनच उलटा करून बसवला होता. पुढच्या कामासाठी तरी खरं काय ते कळावं म्हणून मी फ्रेम बनवणाऱ्याकडे गेलो. वीरेंद्रकाका, बाजारातला फोटो स्टुडिओ त्यांचाच. मूळ फोटो मिळाला तर बघायचा होता.

काका काउंटरवर वाकून कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होते, माझ्याकडे बाजू करून. मी दारातच थांबलो. दोन महिने मी ज्या कानात राहत होतो, तो कान समोर कात्री चालवत होता.

"आधारचा झेरॉक्स आहे का?" त्या कानाच्या मालकानं विचारलं.

"काका, जरा हनुवटी वर करा."

त्यांनी केली. खळी जागेवर होती.

"आता थोडं हसा."

तेही केलं. फोटोवाल्याला हसायला सांगायची संधी आयुष्यात एकदाच येते, पण मला तिचा आनंद झाला नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि भैय्यालालजींच्या फ्रेमबद्दल विचारलं. काका अजिबात लाजले नाहीत.

"लोक तेरवीच्या आधी फ्रेम मागतात, गा. आन फोटो काय आणतात, तं पंगतीतला. त्यात बुढा पुरी खाऊन राहिला. अर्धं तोंड पुरीमागं. डोळे मिटलेले. कानापाशी वाढप्याचा हात, हातात वरणाची बालटी. त्यातून मी देव उभा करू का?"

"मग काय केलं?"

"जे नव्हतं ते भरलं. तवा दुकानात कॉम्प्युटर नवानवा आला होता. त्यात फोटो एकच होता, माहा. तोंड भरलं, डोळे भरले, कान लावले. वरून जरा वय वाढवलं."

"भैय्यालालजींचं मग काय राहिलं त्यात?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "टोपी," ते म्हणाले. "टोपी त्यायचीच हाय. टोपीले मी हात नाही लावला." कारागिराचा स्वच्छ अभिमान होता आवाजात.

"आणि पंचवीस वर्षांत कुणी ओळखलं नाही?"

"फ्रेममधल्या माणसाकडं पाह्यते कोन? लोक समोर येतात, हात जोडतात आन डोळे मिटतात."

मी थेट दुकानात गेलो आणि चंद्रकुमारभाऊंना सगळं सांगितलं. भाऊ फ्रेमकडे वळले. सवयीनं त्यांचे हात जुळायला निघाले आणि अर्ध्यात थांबले. पंचवीस वर्षांची सकाळची गणितं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसली. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

"पितळ ओतून झालं?"

"झालं."

"पत्रिका वाटून झाल्या. मंडपवाल्याले सांगून झालं. आता बाबूजी बदलता येत नाही." त्यांनी बाहेर, स्टुडिओच्या दिशेनं बघितलं. "पण वीरेंद्र बदलता येते."

लगेच वीरेंद्रकाकांना बोलावणं गेलं. भाऊंनी त्यांना गादीवर बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "वीरेंद्र, तुमी दाढी वाढवा."

"मले खाजते," काका म्हणाले.

"पंचवीस वर्षं मी तुमच्या पाया पडलो. तुमच्यानं माह्यासाठी एवढं होत नाही?"

कार्यक्रमाची फोटोग्राफी आपल्यालाच मिळावी, एवढ्या अटीवर काका तयार झाले. मी तसा खरं बोलणारा माणूस आहे, पण ते लाखांदूरला धान तोलत बोलायचं नव्हतं मला.

काकांची दाढी चांगली वाढली. ते बाजारातून जाताना भाऊ गादीवरून मान डोलावत, पिकाकडे बघून डोलवावी तशी. पण कार्यक्रमाच्या सकाळी काकांच्या पत्नी उषाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. गावासमोर सत्राशे लोकांचे फोटो काढायला निघालेला माणूस, आणि गालावर हे रान, त्यात खाजवून पुरळ आलेलं. दाढीमागचं राजकारण काकांनी घरी सांगितलेलं नव्हतं. उषाबाईंनी स्वतः समोर उभं राहून ती उतरवून घेतली आणि वरून पावडर लावली. ऊन होतं म्हणून डोक्यावर एक पांढरी टोपीही दिली.

मंडप भरला होता. बाबा ड्यूटीवरून खाकी कपड्यातच आले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही, हाराकडे बघितलं. झेंडूचा मोठा हार होता, कमरेपर्यंत येईल असा. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. त्याच टाळ्यांत वीरेंद्रकाका कॅमेरा घेऊन पुढे आले, पुतळ्याच्या अगदी शेजारी उभे राहिले आणि लोकांकडे तोंड करून म्हणाले, "जरा इकडं पाहा सगळ्यायनं."

सगळ्यांनी पाहिलं.

टाळ्या एकेक करून बंद पडल्या. दोन टोप्या, दोन हनुवट्या, दोन खळ्या. एक पितळेची, एक पावडर लावलेली. मी एवढं हुबेहूब काम पुन्हा कधी करीन असं वाटत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "दोन काहून मांडले गा?"

चंद्रकुमारभाऊंनी घाईघाईनं हार उचलून शकुनबाईंच्या हातात दिला. "आई, घाल लवकर."

शकुनबाईंनी पुतळ्याकडे बघितलं. मग वीरेंद्रकाकांकडे. मग हाराकडे. "मी नाही घालत."

"आई, लोक पाहून राहिले."

"म्हणूनच नाही घालत. पराया माणसाच्या गळ्यात हार घालाले लावतं. या वयात माहं दुसरं लगन लावतं का?"

मंडपात आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग पाहुणे. भाऊंनी ओठ आवळून हार स्वतःच्या हातात घेतला आणि पुतळ्याकडे निघाले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं उषाबाई उठल्या.

"चंद्रकुमारभाऊ, तिथीच थांबा. जित्या माणसाले मेल्यावानी हार घालता का? मंगळसूत्र हाय माह्या गळ्यात."

"उषा, तो पुतळा होय," वीरेंद्रकाका म्हणाले.

"पुतळा होय तं तुमच्यावानी काहून हाय? आन दाढी कायले वाढवली होती, ते घरी चला, मंग सांगा."

भाऊ हार घेऊन मधोमध थांबले. पुढे गेले तर उषाबाई विधवा होत होत्या, मागे गेले तर आई नवरी. मला नाकात राईस मिलचा कोंडा गेल्यासारखं झालं. मागच्या रांगेत बाबांनी घड्याळ बघितलं. त्यांना दुपारची लाखांदूर गाडी घेऊन जायचं होतं, आणि त्यात एक जागा माझ्यासाठी धरलेली असावी.

माझ्याकडे एकच खरी वस्तू उरली होती.

"आजी," मी म्हणालो, "टोपी ओळखू येते का?"

शकुनबाई पुतळ्याजवळ गेल्या. चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पितळी टोपीवरून हात फिरवला, डाव्या बाजूला ती जराशी दबलेली होती तिथं थांबवला. तो दाब मी मुद्दाम दिला नव्हता. फोटोत होता म्हणून आला होता.

"टोपी तं तीच होय," त्या म्हणाल्या. "डावीकडं दाबूनच बसवत. खुंटीवर हे दिसली का मी चूल पेटवो. समजे का घरी आले." मग भाऊंकडे हात पसरला. "आन तो हार."

त्यांनी हार टोपीला घातला. गळ्यात नाही, टोपीला. झेंडूचा भलामोठा हार टोपीवरून खाली सुटला आणि डोळे, नाक, हसू, खळी, दोन्ही कान, सगळं झाकून छातीवर आला. दोन महिन्यांतलं एकही छिद्र दिसेना.

उषाबाईंनी वाकून बघितलं. "गळ्यात नाही ना? मंग चालते," म्हणाल्या आणि बसल्या. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. वीरेंद्रकाकांनी फोटो काढला. त्या दिवसापासून भाऊ तो हार सुकायच्या आधी बदलतात, आणि तेही पहाटे, बाजार जागा व्हायच्या आत.

बाबा मंडपाबाहेर माझी वाट बघत थांबले होते.

"हार पडला," मी म्हणालो.

"टोपीले पडला."

"टोपी पण मीच केली."

बाबांनी बराच विचार केला. दिलेला शब्द ते तिकिटासारखा मानतात, एकदा फाडलं की परत घेत नाहीत. "ठीक हाय," ते म्हणाले. "लाखांदूरले नको जाऊ."

चार पावलं चालून ते थांबले.

"किती वेळ लागला रे तुले ते टोपी कराले?"

"चहा होईपर्यंत."

"मंग बाकीचे दोन महिने," बाबांनी विचारलं, "घरी बसून करून काय राहिला होता?"