ओट्यावरची नोकरी

उत्तर कोलकात्यातल्या छापखाना गल्लीतला शेवटचा छापखाना बंद पडला, तेव्हा निबारण साधुखाँ ओट्यावर पत्ते पिसत होते. मागोमाग मिठाईवाला गेला, तरणी पोरं बंगळूरला गेली. निबारणबाबू आणि पशुपती कुंडू मात्र त्याच ओट्यावर बसून फुटबॉलवरून भांडत राहिले. दोघांच्या बायकांच्या मते गल्ली बुडाली ती यांच्याच पायगुणानं.

मग गल्लीचं पुनरुज्जीवन करणारी संस्था आली. भिंती रंगल्या, छापखान्यात कॉफीचं दुकान निघालं. ओट्यामागच्या भिंतीवर भलंमोठं चित्र काढलं: पत्ते खेळणारे दोन म्हातारे. चित्र झाकलं जातं म्हणून खऱ्या म्हाताऱ्यांना उठवून ओट्याला कठडा लावला.

"आम्हाला उठवून आमचंच चित्र?" पशुपतीबाबूंनी विचारलं.

"ते तुम्ही नाही, काका. ते प्रतीक आहे," संस्थेची रिनी गोड हसून म्हणाली.

पाहुणे येऊ लागले आणि विचारू लागले, सगळं छान आहे, पण इथली माणसं कुठायत? तेव्हा रिनी संदेश मिठाईचा डबा घेऊन निबारणबाबूंच्या घरी आली. कठडा काढू, म्हणाली. दोघांनी रोज संध्याकाळी धोतर नेसून बसायचं, भांडायचं, मानधन मिळेल. निबारणबाबूंचा जन्म पायजम्यात गेलेला. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत बायकोनं होकार देऊन टाकला.

पहिल्याच संध्याकाळी, एवढे कॅमेरे रोखलेले पाहून पशुपतीबाबू म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, निबारणदा."

उभ्या जन्मात हा माणूस असं बोलला नव्हता. निबारणबाबूंनी हातातली पानं खाली ठेवली. रिनीनं मागून "जरा तावातावानं" असं सुचवलं, तेव्हा दोघं ओरडले, पण पाठ केलेलं म्हटल्यासारखे. घरी जाताना कुणाला स्मशानात पोचवून आल्यासारखे चालत होते.

दोनचार दिवसांत त्यांनी मागच्या बोळातली तुंबलेल्या गटाराशेजारची फुटकी पायरी गाठली. पशुपतीबाबूंनी चुकीचं पान टाकलं, निबारणबाबूंनी त्यांना गाढव म्हटलं, आणि भांडण दिवेलागणीपर्यंत रंगलं.

संस्थेनं ओट्यावर नाटकमंडळीतले दोघे नेमले. निबारणबाबूंच्या बायकोनं बुडालेल्या मानधनापायी अबोला धरला. एकदा निबारणबाबूही गर्दीत उभे राहून ऐकू लागले. त्यांची भूमिका करणारा नट खरंच जोरकस बोलत होता.

"काका, बाजूला व्हा, फोटोत येताय," कुणीतरी म्हणालं.

ते निमूट बाजूला झाले आणि नटाचा एक बिनतोड मुद्दा घोकत, पशुपतीला गाठायला बोळाकडे निघाले.