जानेवारीतला एसी

"कोण रडतंय रे?" मटिल्डानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"पिच्चरमधलं आहे," लॉरेन्स म्हणाला.

२००२ चा जानेवारी, शुक्रवारची, सुटीची दुपार. चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपून दोघं मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आपल्या फ्लॅटवर परतली होती. लॉरेन्स व्हिडिओ लायब्ररीत कामाला होता. नवी कॅसेट कॉपी करताना चुंबन आलं की पॉझ दाबायचा आणि तेवढा भाग पळवायचा, ही त्याची नोकरी. बारा वर्षांत त्यानं हजारो सिनेमे पाहिले, पण एकही चुंबन पूर्ण पाहिलं नव्हतं.

आजचा सिनेमा सर्बियातला होता. तीन पोरं जंगलात हरवतात, मागाहून फक्त त्यांचा कॅमेरा सापडतो. त्यात जे उमटलंय तोच सिनेमा. निर्मात्याला भूत परवडलं नसावं. नुसतं रडणं ऐकू येत होतं.

मटिल्डा हात पुसत दारात आली. "पण आहे कोण ते?"

लॉरेन्सनं खालची इंग्रजी ओळ वाचली आणि सवयीनं मराठीत सांगून टाकली. "स्नानसंस्काराआधी गेलेलं मूल. नाव नसतं, म्हणून भटकतं म्हणे."

मग त्यानं पॉझ दाबला. उशीर झाला होता.

मटिल्डानं एसी फुल केला. त्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नसे. मस्कतमध्ये जानेवारीत एसी कुणी लावत नाही. शेजारी म्हणायचे, वसईवाल्यांना पैसा जड झालाय. बिल्डिंगमागे मांजरं रडतात, हे शेजाऱ्यांना माहीत होतं. ती मटिल्डाला कशी ऐकू येतात, हे नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी तीन दिवस जगली. तिचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, मे महिन्यात गावी, वसईला, बॅण्ड लावून, असं लॉरेन्सचं आधीच ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात, टाक्यांमुळे उठता न येणारी मटिल्डा म्हणाली, "खाली बाळापाशी जा, तूच पाणी घाल. अडचणीला फादर नसले तरी कुणीही पाणी घालून, नाव ठेवून संस्कार करू शकतं." तो पाण्याची बाटली घेऊन बाळाच्या काचेच्या पेटीपाशी उभा राहिला. पाणी घालायचं म्हणजे मुलगी वसई बघणार नाही हे कबूल करायचं. बाटली भरलेलीच परत आली.

"त्या दिवशी," मटिल्डानं सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "घातलंस पाणी?"

"घातलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"नाव काय ठेवलंस?"

"जेनेट."

मटिल्डानं ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग एसी बंद केला, खिडकी उघडली आणि आडवी झाली. पाच मिनिटांत तिला झोप लागली.

मागे मांजर रडू लागलं. लॉरेन्स ऐकत राहिला. मांजरच होतं. बहुतेक.

त्यानं उठून खिडकी लावली, मटिल्डाला थंडी वाजू नये म्हणून चादर घातली, आणि एसी फुल केला.